नाव काढायचं मलम

९ डिसेंबर
सातपूर

ताई,

तू डी.फार्म. केलंयस म्हणून तुलाच विचारतोय. टॅटू घालवायचं मलम खरंच असतं का? म्हणजे विकायला असतं, ऑनलाइन ढिगाने आहेत. पण चालतं का?

दुसऱ्या कुणाला विचारलं असतं. पण चौकातल्या मेडिकलमध्ये विचारलं की संध्याकाळपर्यंत गल्लीभर होणार. तुझा नंबर बदललाय. पत्ता बारकूने दिला. बारकू कंपनीत माझ्या शेजारच्या मशीनवर असतो, हरसूलचा. म्हणाला, "धम्मपाल सर ना? वळखतो की! तुझं दाजीच लागले ते. आन् बहीण तुझी दवाखान्यात औषधं देती, खिडकीवर." मी म्हटलं, असेल.

तर विषय असा. माझं लग्न ठरलंय, फेब्रुवारीत. मुलगी चांदवडची, वैष्णवी नाव. गेल्या आठवड्यात ते लोक घर बघायला आले होते. मी तिच्या काकांना चहा द्यायला वाकलो आणि शर्टाची बाही वर सरकली.

काका म्हणाले, "ही सजना कोण?"

तुला आठवत असेलच. माझी दहावी झाल्यावर आपण देवीच्या गडाच्या यात्रेला गेलो होतो आणि पायथ्याला तो टॅटूचा मशीनवाला बसला होता. राखी आठ दिवसांत तुटते, हे तुटणार नाही, असं मीच मोठ्या तोंडाने म्हटलं होतं. त्याला मराठी येत नव्हतं. कागदावर लिहून दिलं तरी डोक्यावरचा अनुस्वार त्याने खाल्ला. संजनाची सजना झाली. तू गाडीत बसेपर्यंत हसत होतीस. मग पर्समधून बॉलपेन काढलंस आणि टिंब दिलंस. पुढे दर राखीला आधी टिंब, मग राखी.

तर काकांना उत्तर सोपं होतं. सजना नाही हो, संजना. माझी मोठी बहीण. पण बायोडाटात अण्णांनी "भावंडे : नाहीत" असं छापून घेतलंय. म्हणजे बहीण आहे म्हणावं तर बायोडाटा खोटा, आणि नाही म्हणावं तर हातावर कोणतरी सजना. मी कपबशी धरून उभा. शेवटी अण्णाच बोलले, "कॉलेजातलं खूळ हो. पिक्चरचं कायतरी." सगळे हसले. मीपण.

ते लोक गेल्यावर अण्णा म्हणाले, "हे नाव काढून टाक आता."

गंमत बघ. तू धम्मपालशी लग्न केलंस त्या दिवशी हेच अण्णा ओट्यावर उभं राहून ओरडले होते, "या घरात तिचं नाव काढायचं नाही." आता म्हणतात, काढ.

मलम नंबर एक मागवलंय. वनौषधी म्हणे. डबीवर आधीचा हात आणि नंतरचा हात असे दोन फोटो आहेत. आधीच्या हाताला तीळ आहे, नंतरच्याला नाही. तीळपण जातो की काय कोण जाणे.

तुझं मत कळव. तू लावू नको म्हणालीस तर नाही लावणार. खरंच.

धनराज


२३ डिसेंबर
सातपूर

ताई,

तुझं काही आलं नाही म्हणून मी सुरुवात केली.

नंबर एक हिरवट आहे, वास ओल्या गवताचा. हाताला गार लागतं. बाकी काही होत नाही. एवढ्या दिवसांत झालं काय, तर शर्टाच्या बाहीवर हिरवे डाग पडले. डबीत अजून निम्मं आहे. आईच्या टाचांना दिलं, तिथे बरं चाललंय म्हणते.

मग नंबर दोन. हे पांढरं, दाट, वास साबणाचा. याच्यात डाग उजळवायचं औषध आहे असं लिहिलंय. तुला नाव बघून कळलं असतं, मला स्पेलिंगही नीट लिहिता येत नाही. हे मात्र काम करतं. फक्त उलटं करतं. आजूबाजूची कातडी गोरी झाली आणि नाव तसंच काळं राहिलं. आधी ते हातात मुरलेलं तरी होतं, आता उठून दिसतंय. बारकू काय म्हणाला सांगू? "आरं, हे तर दुकानाच्या पाटीवानी झालं! आधी जवळ येऊन वाचावं लागायचं. आता पार गेटावरून दिसतंय." आख्खी लाइन मला सजना म्हणून हाक मारते. जेवणाच्या सुट्टीत एकाने चाल लावून म्हटलं. मी डबा घेऊन मागच्या शेडकडे जाऊन बसलो.

हे असं का झालं ते मला परवा कळलं. उजव्या हातावर असल्यामुळे डाव्या हाताने लावताना सांडतं, म्हणून रोज आई लावून देत होती. मी मोबाइल बघत बसायचो. परवा मोबाइल चार्जिंगला होता म्हणून हाताकडे बघितलं. ती करंगळीवर थोडं थोडं घेऊन अक्षरांच्या बाजूबाजूने लावत होती. स-च्या गाठीच्या बाहेरून, ज-च्या पोटाच्या आतून. अक्षराला लागू देत नव्हती.

मी म्हटलं, "आई, नावावर लाव ना."

"लावतेच आहे," म्हणाली.

"बाजूने लावतेयस."

"चष्मा नाही लावला," म्हणाली, आणि डबीचं झाकण बंद केलं. चष्मा डोळ्यावर होता.

आता मी स्वतःच लावतो. पण नंबर दोन सोडून दिलंय. तिसरं एक आहे, त्याचे रिव्ह्यू जबरदस्त आहेत. कुणी लिहिलंय, एका आठवड्यात बायकोचं नाव गेलं. कुणी लिहिलंय, जळजळ होते पण जुनं सगळं निघून जातं. हळदीच्या आधी व्हायला हवं, कारण हळदीला बनियनवर बसवणार, पूर्ण मांडव बघणार. वैष्णवीकडच्या पाच बायका तरी हळद लावायला येणार.

नंबर तीन अजून मागवलं नाही. तुझ्या पत्राची वाट बघतोय. एक ओळ लिही. "नको" एवढं लिहिलंस तरी पुरे.

धनराज


१० जानेवारी
सातपूर

ताई,

कॉलेज रोडला कातडीच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. तिने हात हातात घेतला, भिंगातून बघितलं आणि विचारलं, "काय काय लावलंत?" मी सांगितलं. म्हणाली मलमाने जात नाही, मलम वरच्या थरापर्यंतच पोचतं, शाई खाली असते. लेझर करावं लागेल, त्याच्या बऱ्याच फेऱ्या असतात, दोन फेऱ्यांमध्ये गॅप द्यावा लागतो, वर्ष जाईल. मी म्हटलं, माझ्याकडे एक महिना आहे. ती म्हणाली, "मग पूर्ण बाहीचा कुर्ता शिवा." आणि हसली. चांगली होती. जाताना म्हणाली, "संजना कोण?" अनुस्वार नसताना तिने संजना वाचलं. मी म्हटलं, मैत्रीण.

मैत्रीण म्हटलं, ताई.

घरी येऊन नंबर तीन मागवलं. हे मलम नाही, पातळ आहे, बाटलीत येतं, सोबत काडी. वास ऍसिडचा, आपल्या संडासात टाकायचो तसा. माहितीचा कागद चिनी भाषेत, खाली चार ओळी इंग्रजी. अक्षरावरून काडी फिरवायची आणि थांबायचं. पांढरा फेस येतो. मग जळजळतं, पण एवढं काही नाही.

खरं तर खूप जळजळतं. मोरीत नळाखाली हात धरून बसलो होतो. आईने बाहेरून दार वाजवलं, मी म्हटलं आंघोळ करतोय. पण दुसऱ्या दिवशी फोड आले आणि ते फुटल्यावर स अर्धा गेला होता. खरंच गेला होता! म्हणून पुन्हा लावलं. मग ज. आता तिथे लालभडक झालंय, पाणी सुटतंय, कपडा चिकटतो. कंपनीत सांगितलं की घरी तेल उडालं, घरी सांगितलं की कंपनीत मशीनमधून लोखंडाची गरम चिप उडाली. अण्णांना काय ते कळलंय. ते काल जेवताना हाताकडे बघून म्हणाले, "होतंय ना नीट?" बस, एवढंच. आई उठून आत गेली.

बारकूने विचारलं, "बाजाराला येतो का हरसूलला? नेतो तुला तिच्या दारात, दोन मिनटं बस, परत ये. काय पोलीस धरतेत का?" मी म्हटलं, पत्रिका वाटायच्या आहेत. पत्रिका छापूनसुद्धा आल्या नाहीयेत.

ना अजून तसाच आहे. त्याला हात लावला नाही.

मला एक कळत नाही. तू एक शब्द का लिहिला नाहीस? तू नको म्हणाली असतीस तर मी नंबर तीनचं बूच उघडलंच नसतं.

धनराज


१७ जानेवारी
हरसूल

धन्या,

आधी हे वाच, मग बाकीचं. ती बाटली फेकून दे. कचऱ्यात नको, कुणी पोरगं उचलेल. उरलेलं सगळं संडासात ओत आणि वर भरपूर पाणी मार. हाताला काही लावू नकोस, हळद नाही, तूप नाही, टूथपेस्ट तर नाहीच नाही. आज सरकारी दवाखान्यात जा, खरं काय लावलं ते सांग, लाजू नकोस. पट्टी कोरडी ठेव. ताप आला किंवा लाली कोपराकडे चढायला लागली तर कामावर न जाता सरळ दवाखाना.

उत्तराला उशीर झाला. मी दवाखान्यातच होते, फक्त या वेळी खिडकीच्या आत नाही, वॉर्डात कॉटवर. तुझी तिन्ही पत्रं एकदमच हातात आली. आमच्या सरांनी उशीखाली आणून ठेवली होती.

तुला वाटतं मी नको म्हणायला हवं होतं. का रे? म्हणजे तू अण्णांना सांगणार, ताई नको म्हणाली. मग शिव्या मला. आणि मी काही बोलले नाही तर हात जळला तोही माझ्यामुळे. दोन्ही बाजूंनी मीच. लहानपणी काचेचा ग्लास फुटला की तू असंच करायचास, आधी माझ्याकडे बघायचास.

काढ, नाहीतर ठेव. कातडी तुझी आहे. मला हातावर राहायचा काही सोस नाही, तुला त्या वेळीही सांगितलं होतं की दुखेल. मला फक्त एवढं सांग, त्या काकांनी विचारलं तेव्हा तुझ्या तोंडात काय होतं? चहा तर हातात होता.

नाव काढायला मलम लागत नाही, धन्या. तोंड लागतं.

आईचा गुडघा कसा आहे? जिना चढते का अजून? अण्णा बीपीची गोळी वेळेवर घेतात का? तुझी वैष्णवी कशी आहे, बोलकी आहे की तुझ्यासारखी?

पुन्हा मलमांबद्दल लिहिलंस तर उघडणार नाही.

ताई


२८ जानेवारी
सातपूर

ताई,

पत्र मिळालं. मशीनवर उभा राहून वाचलं, मग पुन्हा सायकल स्टँडवर वाचलं.

तुझं पत्र यायच्या आधीच ना-वरही काडी फिरवून झाली होती. उरलेली बाटली तू सांगितलंस तशी ओतून टाकली. दवाखान्यात गेलो. तिथल्या सिस्टरने एवढं झापलं की रांगेतली माणसं पुढे येऊन हात बघायला लागली. पट्टी चालू आहे. लाली चढत नाहीये. मलमांबद्दल लिहीत नाही, हे फक्त हाताबद्दल आहे.

आईचा गुडघा तसाच आहे. जिना एक एक पाय ठेवत चढते. अण्णा गोळी घेतात.

वैष्णवीशी फोनवर बोलतो. ती बोलकी आहे. परवा म्हणाली, "आवाज का असा येतोय, काही लागलंय का?" मी म्हटलं, हात भाजलाय. "कशाने?" कंपनीत. ती जरा थांबली. मग म्हणाली, "बरं, काळजी घ्या." तेव्हा सांगणार होतो. जिभेवर आलं होतं. तेवढ्यात मागून तिला कुणीतरी हाक मारली. खरं म्हणजे हाक नंतर मारली. मध्ये बराच वेळ होता.

लग्नाची तारीख १५ आहे. लॉन्स अंबडकडे आहे. तुला हे का सांगतोय माहीत नाही. पत्रिकेत "आमच्याकडे लग्नाला यायचं हं" असं चिमुकल्यांच्या नावाने असतं ना, तिथे मावशीच्या सृष्टीचं नाव टाकलंय. करवली पण तीच. अण्णा म्हणाले, घरातली पोर नको का उभी करायला.

हळद व्हायच्या आधी मी वैष्णवीला सांगणार आहे. हे नक्की.

धनराज


२४ फेब्रुवारी
सातपूर

ताई,

नाही सांगितलं.

हळद झाली, लग्न झालं, गडावर जाऊन आलो, गोंधळ झाला. हळदीला पट्टी होती म्हणून कुणी विचारलं नाही. एका काकूने मात्र पट्टीच्या कडेने बोटं फिरवली, हळद आत उतरली. अशी आग झाली की डोळ्यात पाणी आलं. बायका म्हणाल्या, नवरदेव रडतोय, आत्तापासूनच! फोटोग्राफर म्हणाला, तसेच राहा. तो फोटो चांगला आलाय म्हणतात. माझ्यामागे सृष्टी कलश घेऊन उभी आहे. तिला कलश नीट धरता येत नव्हता, नारळ दोनदा घसरला. आई दोन्ही वेळा धावली आणि दोन्ही वेळा तिच्या तोंडून "संजे, नीट धर" असं निघालं. सृष्टीला वाटलं, चुकून. वाजंत्री जोरात होती, अण्णांनी ऐकलं की नाही सांगता येत नाही.

पट्टी आता वैष्णवी बदलते. चार दिवसांपूर्वी दुपारी पट्टी सोडली आणि तिने हात उजेडात धरला. आता तिथे नाव नाही. गुलाबी, सुरकुतलेला, बोटभर पट्टा आहे. शेवटच्या ना-चा काना तेवढा राहिलाय, उभी रेघ.

"गेलं की हो सगळं," म्हणाली.

मी म्हटलं, "कॉलेजातलं होतं. पिक्चरचं कायतरी."

ती कापूस हातात धरून बसली. मग म्हणाली, "संजनाताई हरसूलला असतात ना?"

ताई, मी हात मागे घेतला. म्हटलं, "तुला कुणी सांगितलं?"

"अहो, पोरगी द्यायची म्हटल्यावर चौकशी नाही करणार? काका घर बघायला यायच्या आधीच तुमच्या गल्लीत येऊन गेले. किराणावाल्याने पाच मिनटांत सगळं सांगितलं. तुमची बहीण, ते सर, लग्न, अण्णांचं ओट्यावरचं भाषण, सगळं."

"मग काकांनी विचारलं कशाला, सजना कोण म्हणून?"

"बघायला. तुम्ही काय सांगता."

"आणि?"

"काका म्हणाले, बाप खोटं बोलला, पोरगा गप्प बसला. घरी सगळे नको म्हणत होते. मी म्हटलं, गप्प बसलाय म्हणजे त्याला लाज वाटलीय. आणि बहिणीचं नाव हातावर घेऊन फिरतो, अजून काढलं नाहीये. असा माणूस चालेल मला." मग कापूस टाकला आणि नवीन पट्टी गुंडाळायला लागली. "तुम्ही फोनवर म्हणालात, कंपनीत भाजलं, तेव्हाच मला कळलं होतं. म्हटलं, हळदीपर्यंत सांगतील. मग म्हटलं, लग्नानंतर सांगतील."

"रागावलीस?"

"रागवायला तुम्ही माझे कोण, पाच दिवसांचे," म्हणाली. हसून म्हणाली, पण गाठ घट्ट मारली.

त्यानंतर ती माझ्याशी नीट बोलते, डबा देते, सगळं करते. फक्त काही विचारत नाही. बोलकी मुलगी आहे ताई, आणि घरात आता तिघांच्या जोडीला चौथं माणूस गप्प बसायला लागलंय.

काल रविवार होता. सगळे एकत्र जेवायला बसलो. वैष्णवी भाकरी टाकत होती, आई वाढत होती. मेथी होती. अण्णा म्हणत होते, चांदवडच्या पाहुण्यांना एकदा जेवायला बोलवा.

मी म्हटलं, "संजनाताईला आणि दाजींना पण बोलवू."

भाकरी थापायचा आवाज थांबला.

अण्णा म्हणाले, "कोणाला?"

मी परत म्हटलं. मोठ्याने म्हटलं. "संजनाला. माझ्या बहिणीला. आणि धम्मपाल दाजींना."

मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले नाहीत. माझ्या पट्टीकडे बघितलं, मग वैष्णवीच्या पाठीकडे बघितलं. तिला माहीत आहे हे त्यांना तेव्हा कळलं. म्हणाले, "मग हात कशाला जाळून घेतलास?" त्यांनी तांब्या घेतला, अर्ध्या ताटात हात धुतला, चप्पल घातली आणि खाली गेले. अजूनही कुणाशी बोलत नाहीयेत. बोलावणं वगैरे काही होईल असं वाटत नाही. खोटी आशा दाखवत नाही तुला.

पण ते सांगायला नाही लिहिलं हे.

अण्णा गेल्यावर आई होती तिथेच बसून राहिली. मेथीचं भांडं मांडीवर. माझ्याकडे न बघता म्हणाली, "पत्र येतं का तिचं?"

मी म्हटलं, एक आलं.

"कशी आहे?"

मी म्हटलं, बरी असेल. आई म्हणाली, "असेल म्हणजे? तू लिहितोस ना तिला?" म्हटलं, चार पत्रं लिहिली. "मग काय लिहिलंस चार पत्रांत?"

मी आत जाऊन तुझं पत्र आणलं आणि तिला वाचून दाखवलं. "वॉर्डात कॉटवर" इथपर्यंत आलो आणि आईने माझं मनगट धरलं. "कॉटवर का? काय झालं होतं माझ्या पोरीला?" मला माहीत नाही, आई. "तू विचारलं नाहीस?" वैष्णवी गॅस बंद करून दारात येऊन उभी होती. दोघी माझ्याकडे बघत होत्या.

ती ओळ मी मशीनवर वाचली होती, सायकल स्टँडवर पुन्हा वाचली होती.

ताई, तुला काय झालं होतं? आता कशी आहेस?

धन्या